फळ्याची शेवटची ओळ

शहागंजच्या मागे, आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वार्ताफलक आहे. शेजारीच दादाचं, माझ्या थोरल्या भावाचं, वह्यापुस्तकांचं दुकान. रोज सकाळी दादा फळा ओल्या फडक्याने पुसायचा आणि खडूने लिहायचा: नळाला पाणी कधी, कुणाची मयत किती वाजता. शेवटची ओळ मात्र त्याची स्वतःची असे. लोक आधी तीच वाचत. "आज सरकार पाडलं का नाय?" असं दूधवाला जाता जाता विचारी.

एका उन्हाळ्यात त्याने लिहिलं, 'पाणी आठवड्याने, भाषणं रोज. हे सरकार घालवल्याशिवाय घसा ओला होणार नाही.' कुणीतरी फोटो काढून पसरवला, कुणीतरी तक्रार दिली आणि दादावर राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. हर्सूलच्या तुरुंगातून जामिनावर आल्यावर तो पुन्हा फळा लिहू लागला. शेवटची ओळ तेवढी कोरी राहू लागली. दूधवाल्यानेही विचारणं सोडलं.

मी त्या कलमाबद्दल मिळेल ते वाचत बसलो. सरकारबद्दल अप्रीती निर्माण करणं हा गुन्हा, असं त्यात होतं. प्रीती कायद्याने कशी मागता येते, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ते कलम स्थगित केलं, तेव्हा मी पेपर घेऊन दुकानात गेलो. दादाने शांतपणे ऐकून घेतलं. मग आपला खटलाही थांबणार का, असं विचारलं. मी हो म्हणालो.

"म्हणजे मी सुटलो नाय," तो म्हणाला. "सुटलास, असं कुणीतरी म्हणायला पाहिजे ना रे."

तसं कुणी म्हटलं नाही. नवा कायदा आला. त्यात राजद्रोह हा शब्द नाही; जवळपास तसंच कलम दुसऱ्या नावाने आहे. दादाचा खटला थांबला होता तिथंच राहिला, आणि या हिवाळ्यात दादा गेला.

त्याच्या मयतीची वेळ मीच फळ्यावर लिहिली. खाली त्याचं ते पाण्याचं वाक्य लिहायचं ठरवून आलो होतो. वहिनीने ते ओळखलं असावं. ती दुकानामागच्या घरातल्या बायकांमधून उठून बाहेर आली.

"भावजी, खाली काय लिहू नका," ती हळू आवाजात म्हणाली. "पोराच्या नोकरीची पोलीस पडताळणी राहिलीय."

मी खडू ठेवला. लोक येत, वेळ वाचत आणि सवयीने खालच्या कोऱ्या जागेकडे बघून पुढे जात.