मास्तरांचा पुसलेला आवाज

छापखान्यात त्यांना सगळे कानामात्राबाई म्हणत. छत्तीस वर्षं त्यांनी प्रुफं तपासली. चुकलेली वेलांटी त्यांना घासातल्या खड्यासारखी लागायची. त्यामुळे घरातला कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागला, तेव्हा त्याची सिस्टिम पुन्हा टाकायचं काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं.

"सूचना वाचून तर करायचं सगळं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आणि वाचण्यात माझा हात कोण धरणार?"

नवऱ्याने हसून मान हलवली. ते शाळेत ड्रिलमास्तर होते. मैदानाच्या एका टोकाला 'सावधान' म्हणाले की दुसऱ्या टोकाची मुलं ताठ व्हायची. तीन वर्षांपूर्वी घशाच्या कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे मागच्या खोलीचं दार लावून ते एकटे बसले आणि बाराशे शब्द आपल्या आवाजात बोलून ठेवले. मुलीने त्यांचे चौकोन करून दिले. या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरचा चौकोन दाबला की मास्तर बोलायचे, 'चहा झाला का?', 'दार लाव', 'पुरे आता'. पाटीवर लिहूनही भागलं असतं, पण चार वर्षांच्या नातीला कुठे वाचता येत होतं? तिच्या लेखी आबा म्हणजे तो आवाज.

मंगळवारी सकाळी बाई कामाला बसल्या. सिस्टिम कुठे टाकायची असं विचारून मशीनने डिस्कचे तीन भाग दाखवले. नावं नव्हती, नुसते आकडे. पहिल्या भागात जागा पुरेना, म्हणून त्यांनी सगळ्यात मोठा भाग पुसून टाकला. आवाजाची प्रत ड्रॉवरमधल्या पेनड्राइव्हवर होती, त्यामुळे त्या निर्धास्त होत्या.

चौसष्ट टक्क्यांवर सगळं अडकलं. त्यांनी पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडकलं. तिसऱ्यांदा तर पडदा काळाठिक्कर पडला आणि वर एकच ओळ उरली, सिस्टिम सापडत नाही.

त्या पेनड्राइव्ह घेऊन शेजारणीकडे गेल्या आणि तिच्या कॉम्प्युटरला लावला. आत एकच चित्र होतं, कोपऱ्यात बारीकसा बाण असलेलं. दाबलं, तर 'मूळ फाइल सापडत नाही.' त्यांनी मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "आई, तू फोल्डर नाही कॉपी केलंस. नुसता त्याचा शॉर्टकट केलास, फोल्डरकडे बोट दाखवणारा बाण."

घरी येऊन बाईंनी "साफसफाई चाललीय" अशी थाप मारली. मास्तरांनी पाटीवर लिहिलं, 'किती वेळ?' त्या म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत. बुधवारी तोच प्रश्न, तेच उत्तर. गुरुवारी जेवताना त्यांच्या तोंडून एकदम निघून गेलं, "अहो, मी तुमचा आवाज पुसला."

मास्तरांनी हातातला घास खाली ठेवला. तोंड उघडलं. त्यांना ओरडायचं होतं, ते दिसत होतं, पण गळ्याच्या छिद्रातून नुसती हवा आली. मग त्यांनी ताटावर मूठ आपटली, एकदा, दोनदा, आणि उठून गच्चीत गेले. ओरडले असते तर बरं, असं बाईंना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

त्याच दुपारी त्या कॉम्प्युटर दुपट्यात बांधून रिक्षाने दुरुस्तीवालीकडे गेल्या. बेकरीच्या वरच्या मजल्यावर तिचं दुकान. कपाळावर भिंग, बोलायला फटकळ.

"किती वेळा टाकलीत सिस्टिम?"

"तीनदा."

"पुसलेलं लगेच जात नाही काकू, वरून दुसरं लिहिलं की जातं. एकदा चुकल्यावर हात आवरायला हवा होता. ही डिस्कही एका जागी खराब झालीय, म्हणून तर इन्स्टॉल अडकत होतं."

"म्हणजे गेलं?"

"मी काही कबूल करत नाही. आधी हिची जशीच्या तशी नक्कल काढते, मग तिच्यात शोधते. तुम्ही घरी जा."

बाई गेल्या नाहीत. जिन्यात बसून राहिल्या. दुकान बंद करताना दुरुस्तीवालीने त्यांना दंडाला धरून उठवलं.

शनिवारी निरोप आला. नऊशेच्या आसपास आवाज निघाले होते. नाव मात्र एकालाही नव्हतं, नुसते क्रमांक. "एकेक ऐकून नावं द्यावी लागतील," दुरुस्तीवाली म्हणाली, आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच थोडं मऊ बोलली, "हे काम तुमच्यासारखीलाच जमेल."

कॉम्प्युटर घरी आणून बाई कानात हेडफोन घालून गच्चीच्या दाराजवळच्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या. मास्तर गुरुवारपासून त्यांच्याकडे पाहत नव्हते, गच्चीतच बसून असायचे. एकशे सात, 'चष्मा'. एकशे आठ, 'चश्' आणि पुढे खरखर. एकशे नऊ, शांतता. एवढ्या मोठ्या माणसाचं बोलणं असं तुकड्यातुकड्यांनी ऐकताना त्यांना भडभडून यायचं, तरी त्या लिहीत राहिल्या.

चारशे बाराव्या फाइलमध्ये मास्तर म्हणाले, 'मी बरा आहे.' आवाज शेवटी फाटला. चारशे तेरामध्येही तेच वाक्य, तसंच फाटलेलं. अशा सात फाइली लागल्या. ही वाक्यं बाईंनी कधी ऐकलीच नव्हती. मास्तरांनी तेव्हाच पुसून टाकलेले प्रयत्नही शोधात वर आले होते. चारशे एकोणिसाव्यात वाक्य नव्हतंच. मागच्या खोलीतल्या पंख्याची घरघर, बराच वेळ दाबलेलं रडू, आणि मग हळूच, 'मला भीती वाटतेय गं.'

ते तेव्हा दाराआड बसले होते आणि दाराबाहेर बाई रोज विचारत होत्या, "काही हवंय का?" आतून खणखणीत उत्तर यायचं, "काही नको!"

त्या उठल्या, गच्चीत गेल्या आणि हेडफोनची वायर दारातून ताणून तो मास्तरांच्या कानाला लावला. मास्तरांनी ऐकलं. डोळे मिटून घेतले. मग पाटी ओढून लिहिलं, 'तेव्हा सांगितलं असतं तर तुझी झोप उडाली असती.'

"मी कुठे झोपत होते?" बाई म्हणाल्या.

मास्तरांनी पाटी पुसली. मग आत आले आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. उरलेल्या फाइली दोघांनी मिळून ऐकल्या. तुटलेला शब्द कुठला, हे बाईंना कळलं नाही की मास्तर पाटीवर लिहायचे.

तीनशेच्या वर शब्द कायमचे गेले. 'दार लाव' गेलं, 'नाही' गेलं, नातीचं लाडाचं नाव अर्ध्यावर तुटलं. पुढच्या रविवारी नातीने तोच चौकोन चार-पाचदा दाबून पाहिला आणि विचारलं, "आबा, बाकीची मी कुठंय?"

मास्तरांनी तिला मांडीवर घेतलं. बाई ओट्याकडे तोंड करून भांडी पुसत राहिल्या.