कॉइलला करंट कुठून द्यायचा

मोताळ्याजवळच्या एका ज्युनियर कॉलेजात मी बावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवतो. एवढ्या वर्षांत मी विजेबद्दल इतकं बोललो आहे, की त्यातलं अर्धं जरी तारेत उतरलं असतं तरी भारनियमन संपलं असतं. स्वतःच्या हाताने मात्र एक ठिणगी पाडली नव्हती. गेल्या वर्षी विज्ञान प्रदर्शनात शेजारच्या कॉलेजातल्या सरांनी टेस्ला कॉइल मांडली. वीतभर जांभळ्या ठिणग्या, आणि हातात धरलेली ट्यूबलाइट तारेशिवाय पेटलेली. त्याचा व्हिडिओ मला अकरा जणांनी पाठवला, आमच्या प्राचार्यांनी दोनदा. माझ्या पोटात दुखायला लागलं. यंदा आपली कॉइल आणि ठिणगी हातभर, असं मी स्टाफरूममध्ये जाहीर करून बसलो. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

कॉइल गुंडाळणं अवघड नव्हतं. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून बारीक तांब्याची तार आणली आणि पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर नऊशे वेढे घातले. मी गुंडाळत होतो, बायको मोजत होती, आणि मी मध्ये बोललो की चिडत होती. खरा प्रश्न पुढेच होता. हिला करंट कुठून द्यायचा?

आमच्याकडे वीज कमी आणि विजेतले जाणकार जास्त. चहाच्या टपरीवर विषय काढायचा अवकाश, प्रत्येकाने आपापला पॉवर सप्लाय पुढे केला. एकाने दुकानाच्या पाटीचा निऑन ट्रान्सफॉर्मर सुचवला. सल्ला शास्त्रशुद्ध होता, पण तालुक्यातल्या सगळ्या पाट्या कधीच एलईडीच्या झालेल्या. दुसरा म्हणाला, "एवढ्या भानगडी काऊन करता सर, आकडा टाका ना डायरेक्ट." तिसऱ्याने तर रानडुकरांसाठी कुंपणाला लावतात ती झटका मशीन शेतातून उचलून आणून दिली. ती सेकंदाला एकच झटका देते. त्यामुळे माझी कॉइल एकदा 'टिक' करायची आणि एक फाइल हलवून दमलेल्या कारकुनासारखी गप्प बसायची. मी तक्रार केली तर मशीनवाला म्हणाला, "डुक्कर त पयते ना सर? मंग चांगली हाये मशीन."

शेवटी आमच्या फवारणी पंपाची बारा व्होल्टची बॅटरी काढली आणि एक ट्रान्झिस्टर लावून कॉइलला जोडली. कॉइल चालली. ठिणगी ज्वारीच्या दाण्याएवढी. बायकोच्या हातात जुना सीएफएल दिला, तो पेटला. ती खुलली. "वायरबिगर बल्ब पेटला, अजून काय पायजे तुमाले?"

मला हातभर ठिणगी पाहिजे होती. आठवडी बाजारात भंगारवाल्याकडे मायक्रोवेव्हमधला ट्रान्सफॉर्मर सापडला. कॉइल एवढीशी आणि हे धूड पाच किलोचं, नाकापेक्षा मोती जड. भंगारवाला म्हणाला, "सर, हा माणूस मारते." मला हे अशिक्षिताने सांगावं? त्यातून दोन हजार व्होल्ट निघतात, चिकटलेला माणूस जिवंत सुटत नाही, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहून देतो. मी तो पिशवीत घातला आणि वर मेथीची जुडी ठेवली.

रविवारी सकाळी ओसरीवर मांडामांड केली. बायकोने विचारलं, "किती व्होल्टचं हाये हे?"

"बारा. परवासारखंच."

ती आत गेली आणि कोरडी काठी घेऊन माझ्या मागे येऊन उभी राहिली. यात नवल नव्हतं. आमच्याकडे कोणी पंपाच्या स्टार्टरमध्ये हात घातला की दुसरा काठी घेऊन उभा राहतो, चिकटलाच तर झोडून सोडवायला. मी गमबूट चढवले, लाइनमनकडून मागून आणलेले रबरी हातमोजे घातले आणि प्लग उचलला.

"बाराच व्होल्ट हाये," ती मागून म्हणाली, "त लाइनमनचे हातमोजे काऊन घातले?"

पोरांच्या कुठल्याही शंकेवर मी एखादं सूत्र फेकून वेळ मारून नेतो. त्या दिवशी सरळ दोन हजार सांगून टाकले. तिचा भाऊ वडनेर भोलजीला विहिरीवर करंट लागून गेला, हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. ती तिथे होती, हे माहीत नव्हतं.

"मी जवळच होती," ती म्हणाली. "काठीच सापडली नाई मले. चहूकडे निस्ती कपाशीची पऱ्हाटी, वल्ली." मला स्वतःची लाज वाटली, आणि पहिल्यांदाच त्या ट्रान्सफॉर्मरची भीतीही वाटली. प्लग खाली ठेवला. दुपारी ते धूड भंगारवाल्याला परत दिलं.

प्रदर्शनात मी बॅटरीवरची कॉइल मांडली. प्राचार्यांनी चष्मा लावून, वाकून विचारलं, "ठिणगी कुठे आहे?" यंदाही वीतभर ठिणगीवाले सर माझ्या टेबलाशी आले. "सप्लाय जरा मोठा घ्यायचा ना सर," ते म्हणाले.

साहित्य मिळालं नाही, व्होल्टेज पडलं, ही उत्तरं तयार होती. पण मी खरं तेच सांगितलं. "मोठा आणला होता. बायकोशी खोटं बोलून आणला होता. तिने ओळखलं, परत केला."

मला वाटलं, ते हसतील. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आमच्या घरी अजून बॅटरीवर चालते असंच सांगितलं आहे."

तेवढ्यात परीक्षक आले. सर लगबगीने आपल्या टेबलाशी गेले, बटणाकडे हात नेला, आणि पोरं ठिणगी पाहायला पुढे सरकली. मी मागे सरकलो आणि त्यांचं दाखवून होईपर्यंत हॉलच्या मेन स्विचवर हात ठेवून उभा राहिलो.