गोटीराम आप्पांच्या गाडीतला खो-खो

गोटीराम आप्पांना दिंडोरीच्या बाजूला चाळीस वर्षं लोक एकाच गोष्टीसाठी ओळखत आले. हा माणूस एकटा काही बघत नाही, चार जणांना बोलावून दाखवतो.

पंचविशीत असताना ते नाशिकहून भाड्यानं रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ आणायचे. टीव्ही गोधडीत गुंडाळून एसटीच्या मागच्या बाकावर मांडीत धरायचे, वाटेत खड्डा आला की स्वतः आधी उडायचे, टीव्हीला उडू द्यायचे नाहीत. मग गावातल्या पटांगणात सगळी आळी गोळा. एकदा सिनेमाच्या ऐन शेवटाला वीज गेली. लोक उठायला लागले, तसे आप्पा कंदील घेऊन मध्ये उभे राहिले आणि उरलेला सिनेमा त्यांनी तोंडानं करून दाखवला. नायक तेच, खलनायक तेच, नायकाची आंधळी आई तीही तेच. दुसऱ्या दिवशी वीज आल्यावर खरा शेवट लागला, तेव्हा आप्पांचाच चांगला होता असं निम्म्या गावाचं मत पडलं.

असा माणूस सहासष्ट वर्षांचा झाला आणि त्याच्या दारात सात जणांची, काळी कुळकुळीत, मोठ्या घराण्यातल्या हत्तीसारखी गाडी आली. घ्यायची कल्पना मुलाची, दीपकची. तो द्राक्षं परदेशी पाठवतो, त्याला लांबचे प्रवास असतात. त्यानं इंजिन बघितलं, सुरक्षेचे फुगे बघितले. आप्पांनी मात्र शोरूममध्ये थेट मागचं दार उघडलं आणि ते तिथंच खिळले. पुढच्या दोन्ही सीटांच्या पाठीला एकेक पडदा, चांगला वहीच्या जोड पानाएवढा. अठरा स्पीकर. काचांना आपोआप खाली येणारी जाळी. दिवे हळूहळू मंद व्हायचे, अगदी तिसऱ्या घंटेनंतर होतात तसे. आप्पा मधल्या सीटवर टेकले आणि विक्रेत्याला म्हणाले, "ही गाडी नाही. हे थेटर आहे, त्याला चाकं लावलीत."

पहिल्या महिन्यात त्यांनी गाडी जेवढी चालवली त्याच्या दुप्पट उभी करून दाखवली. पाहुणा आला की चहाच्या आधी गाडी. कुणाला कुस्ती, कुणाला कीर्तन, कुणाला नुसतंच समुद्राचं चित्र आणि लाटांचा आवाज. नात वैष्णवी नाशिकला कॉलेजात शिकते, सुट्टीला आली की ती आप्पांना सगळं शिकवायची. मळ्यात मोबाइलला जेमतेम बोलण्यापुरती रेंज, पण गाडीला स्वतःचं सिम आणि छतावर स्वतःचा अँटेना, त्यामुळं जिथं फोनवर चित्र अडकून बसायचं तिथं गाडीत ते वाहत्या पाण्यासारखं चालायचं. याचं आप्पांना इतकं कौतुक, की हे ते द्राक्षाच्या वेलीखाली बसलेल्या व्यापाऱ्यालाही सांगायचे.

आणि याच कौतुकाच्या भरात त्यांनी मैनाला शब्द दिला.

मैना पेठ तालुक्यातली. सात वर्षं काढणीला तिची बारा बायकांची टोळी आप्पांच्या बागेत येते. बोलणं कमी, हात कातरीसारखा. तिची मुलगी तृप्ती आश्रमशाळेत खो-खो शिकली आणि यंदा जिल्ह्याच्या संघातून राज्याच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचली. सामना मंगळवारी सकाळी दहाला, दोनशे कोसांवरच्या गावात. मैनानं मुलीला आजवर एकदाही मैदानात खेळताना बघितलं नव्हतं. सामने नेमके हंगामात यायचे. तृप्ती आईशी बोलायला आप्पांच्याच फोनवर फोन करायची, तेव्हा तिनं सांगितलं की सामना यूट्यूबवर दिसणार आहे. घरच्या टीव्हीवर छत्रीचे चॅनल तेवढे दिसत. मैना फोन परत देताना नुसती म्हणाली, "दिसंल तेला दिसंल."

हे वाक्य आप्पांना लागलं. ते म्हणाले की दहाच्या आत ऊन चढतं, तोवर काढणी उरकते. मंगळवारी टोळीच्या बाराही जणींनी गाडीपाशी यायचं, पोरीचा सामना पडद्यावर बघायचा. मैना कातरी घेऊन बागेत परत गेली. पण त्या दिवसापासून टोळीतल्या बायका जाता-येता गाडीच्या काचेतून आत डोकवायला लागल्या, आणि सोमवारी मैना स्वच्छ धुतलेलं लुगडं पिशवीत घेऊन आली. उद्यासाठी.

शब्द दिला त्याच आठवड्यात पडदे रुसले. आवाज यायचा, चित्र नाही. आप्पांनी सर्व्हिस सेंटरला फोन लावला. तिकडच्या माणसानं शांतपणे सांगितलं की हा सॉफ्टवेअरचा दोष आहे, दुरुस्ती गाडीवर आपोआप आलेली आहे, फक्त बसवायची आहे. चाळीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ गाडी बंद, कुलूप लावलेली, आत कुणी नाही. अशी वेळ निवडा की गाडीला कुणाचा हात लागणार नाही. आप्पांनी विचार करून पहाटे पाचची वेळ टाकली. सहाला मळा जागा होतो, त्याआधी गाडीला कोण हात लावणार?

रोज पहाटे पाचला दुरुस्ती सुरू व्हायची आणि रोज सकाळी पडद्यावर तीच ओळ: काम पूर्ण झालं नाही. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. दिवसभर गाडी दीपकच्या कामात किंवा आप्पांच्या फेऱ्यांत, त्यामुळं पुन्हा पहाटेचीच वाट. सर्व्हिस सेंटरचा माणूस आता जरा चिडून म्हणाला, घेऊन या, गुरुवारी बघतो. गुरुवारी तोरण बांधून काय उपयोग, लग्न मंगळवारी.

मंगळवार उजाडला तो सहावा नकार घेऊनच. दीपक रविवारपासून दुसऱ्या गाडीनं मुंबईला बंदरावर गेला होता. बागेत टोळी सकाळी सहापासून कामाला लागलेली, क्रेट भरत होते. आप्पा गाडीभोवती फेऱ्या मारत होते. मैनाकडं जायची त्यांची छाती होईना. त्यांनी आयुष्यात वीज गेल्यावरसुद्धा खेळ पुरा केला होता. पण कंदील घेऊन तृप्ती कशी करून दाखवणार? आईला बघायची होती ती स्वतःची पोर. तिचं सोंग घेऊन भागणार नव्हतं.

साडेनवाला, कालच सुट्टीला आलेली वैष्णवी चहाचा कप घेऊन आली, आजोबांचा चेहरा बघून कप तिथंच ठेवला आणि स्वतःच्या फोनवर गाडीचं ॲप उघडलं. त्यात गाडीचा दिवसभराचा हिशेबच असतो म्हणे, कधी सुरू झाली, कधी बंद झाली. बोट फिरवता फिरवता ती थांबली.

"आप्पा, रोज पाच वाजून बारा मिनिटांनी चालकाच्या बाजूचं दार कोण उघडतं?"

आप्पांचं रक्त उसळलं. चोर. रोज येतो, काही नेत नाही, म्हणजे टेहळणी करतोय. त्यांनी काठीसाठी हाका मारायला सुरुवात केली. काठी घेऊन कुसाबाई आल्या, त्यांच्या घरधनीण. काय झालं विचारलं, आणि ऐकून घेऊन अगदी सहज म्हणाल्या, "मीच की. उदबत्ती कोण लावतं मग?"

तीस वर्षं या घरात ट्रॅक्टरला पहाटेची उदबत्ती ओवाळल्याशिवाय चाक हललं नव्हतं. ट्रॅक्टर गेला, दुसरा आला, पिकअप आली, नेम तोच. मग एवढी लक्ष्मीसारखी गाडी दारात आल्यावर तिला उपाशी ठेवायचं? देवघराच्या खुंटीवर दुसरी किल्ली होती. ती घेऊन कुसाबाई रोज अंघोळ करून यायच्या, दार उघडायच्या, डॅशबोर्डवरच्या गणपतीला जास्वंदीचं फूल ठेवायच्या, उदबत्ती ओवाळायच्या, दार लावून कामाला लागायच्या. आणि दार उघडलं की गाडी बिचारी समजायची, मालक आले, आता निघायचं. हातातलं काम टाकून उभी राहायची.

आप्पांनी गाडीत बघितलं. समोर ताजं फूल होतं. कालही होतं, परवाही होतं. रोज त्या फुलाला नमस्कार करून त्यांनी गाडी काढली होती, आणि ते आलं कुठून हे एकदाही मनात आलं नव्हतं.

"अगं, सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलं का? तुम्ही तर आठ दिवस कंपनीला शिव्या देण्यात."

वैष्णवी मध्ये पडली. आता भांडायचं नाही, आता या मिनिटाला दुरुस्ती सुरू करता येते, पण नऊ पस्तीस झालेत. चाळीस मिनिटं म्हणजे सव्वादहा. सामन्याचा पहिला भाग जाईल, दुसरा सापडेल. तिनं गाडीला कुलूप लावलं, फोनवर बोट दाबलं. आणि कुसाबाईंनी, आपल्या हातून झालेलं आपणच निस्तरायचं म्हणून, काठी घेऊन दाराशी ठाण मांडलं.

पुढची चाळीस मिनिटं त्या दाराला वारा शिवला नाही. खत देणारा माणूस गाडीच्या सावलीत टेकायला आला, त्याला हाकललं. कोंबडी बॉनेटवर चढली, तिला हाकललं. आप्पांच्या लक्षात आलं की चष्मा आत राहिलाय, ते हळूच दाराकडं वळले, तर काठी आडवी आली. "चष्म्याशिवाय काय बघू मी?" असं ते कळवळून म्हणाले. सव्वादहानंतर बघा, असं उत्तर मिळालं.

दहाला काढणी उरकली. बाराही जणी हातपाय धुऊन बागेतून आल्या. मैना शेवटी, धुतलेलं लुगडं नेसून. आप्पांनी तिला सगळं खरं सांगितलं. फूल, उदबत्ती, काही लपवलं नाही. ती कुसाबाईंकडं बघून किंचित हसली आणि खाली बसली. वैष्णवी फोनवरचा आकडा मोठ्यानं वाचत होती. साठ. सत्तर. एक्याऐंशीवर तो असा अडला की बायका उठून फोनभोवती गोळा झाल्या. मग एकदम त्र्याण्णव.

दहा वाजून सतरा मिनिटांनी गाडीनं स्वतःहून दिवे मिचकावले.

दारं उघडली. मागचे दोन्ही पडदे काळे, मग निळे, आणि निळ्यातून उगवलं ते मातकट मैदान, दोन खांब, त्यांच्यामध्ये ओळीत बसलेल्या मुली. अठरा स्पीकरांतून शिट्टी अशी आली की कोंबडी पुन्हा उडाली. बायकांनी दोन्ही बाजूंच्या दारांत दाटी केली, दोघी पायदानावर, तिघी मागच्या डिकीत. आप्पा चष्मा पुसत समजावत होते, आपली मुलगी कुठल्या रंगात ते. समजावायची गरज नव्हती.

"ती बघा, केस बांधलेली," कुणीतरी म्हणालं.

मैना मात्र सीटवर बसेना. ती गाडीकडं पाठ करून द्राक्षाच्या वेलीला धरून उभी राहिली. बायकांनी हाका मारल्या, तरी ती वळेना. बघायचं म्हणून आठ दिवस थांबलेली बाई, आणि ऐन वेळी तिचे डोळेच बंड करून उठले.

चौथी, शेवटची पाळी. आपल्या मुली पळतीला, एका गुणानं पुढं. दीड मिनिट बाकी असताना तृप्तीच्या जोडीच्या दोघी पाठोपाठ बाद झाल्या. मैदानात ती एकटी उरली. ती बाद झाली की बरोबरी.

आप्पा मैनाजवळ गेले. त्यांनी आवाज चढवला नाही, अभिनय केला नाही. "मैना, मी सांगितलेलं आयुष्यभर ऐकशील," ते म्हणाले. "पण बघितलेलं तुझं असंल. वळ."

मैना वळली. कुसाबाईंनी तिला हाताला धरून मधल्या सीटवर बसवलं आणि स्वतः तिच्या गुडघ्यापाशी दारात बसल्या.

पडद्यावर तृप्ती पळत होती. खांबाला वळसा, दोन पावलं उजवीकडं, अंग आखडून उलट वळण. मागून खो, पुन्हा खो, एक हात तिच्या पाठीपाशी आला आणि हवेतच राहिला. बायका ओरडत होत्या, वैष्णवी सेकंद मोजत होती, आप्पा काही बोलत नव्हते, आणि हे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. शेवटच्या पाच सेकंदांत तिनं खांबाला असा झोका घेतला की पकडणारी मुलगी सरळ पुढं निघून गेली. शिट्टी झाली.

मग मळ्यात जो गोंधळ झाला तो सांगण्यात अर्थ नाही. दोघींनी फुगडी धरली. कुसाबाईंनी काठी फेकून दिली. मैना तेवढी सीटवर ताठ बसून होती, डोळे पडद्यावर. तिथं आता मुली एकमेकींच्या अंगावर पडत होत्या आणि त्यांत तिची कुठली हे ओळखू येत नव्हतं.

दहा मिनिटांनी आप्पांचा फोन वाजला. फोन गाडीला जोडलेला, त्यामुळं तो खिशात न वाजता सगळ्या गाडीत वाजला, आणि वैष्णवीनं बटण दाबताच अठरा ठिकाणांहून एक धापा टाकणारा आवाज आला.

"आप्पा, आई हाय का तिथं? तिला दिसलं का?"

मैना दचकून आधी छताकडं बघू लागली, मग दाराकडं, मग पडद्याकडं. आवाज तिच्या चहूकडून येत होता. शेवटी तिनं पडद्यावर हात ठेवला, जणू पोरीच्या खांद्यावर ठेवावा तसा.

"दिसलं," ती म्हणाली. "समदं दिसलं. डाव्या खांबाला दोनदा कशाला गेलीस? घावली असतीस ना."

पलीकडं तृप्ती हसायला लागली, आणि तिचं हसू गाडीभर झालं.