जू आधी आपल्या मानेवर

इंग्रजी अमदानीत माझी शाळामास्तर म्हणून चिखलदऱ्याला बदली झाली. घाटासाठी परतवाड्याला बैलगाडी केली. सामान भरल्यावर गाडीवानाने जू आधी स्वतःच्या मानेवर घेतलं, डोळे मिटून वजन जोखलं आणि माझी पुस्तकांची पेटी मागून पुढे आणली.

"मांगं जड झालं का चढावर गाडी उलटते."

मग तरणे बैल बाजूला ठेवून त्याने म्हातारी जोडी जुंपली. मी चिडलो.

"ओढाले कोनताई बैल चालते, मास्तर. उतारावर रोखनारा पायजे."

माझी गरोदर बायको त्याला लाजून मागच्या कडेला बसू लागली. त्याने हात जोडले.

"माय, पुढं बसा. माही घरवालीई याच घाटाच्या चढावर लाजूनच मांगं बसली होती."

घाट संपेपर्यंत त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.