ठेव मोडायला आलेली माणसं

“मोडायची हाय? मोडूया की. आधी बसा तर.”

हे म्हणता म्हणता मॅडमचा उजवा हात समोरच्या ठेवपावतीवर जाऊन बसायचा. पावती त्या माणसाची, पैसा त्या माणसाचा, पण तो हात आपणहून उठेपर्यंत पावती मागायची कुणाची छाती नव्हती. तुम्हीही एखाद्या सहकारी बँकेत असा अधिकारी पाहिला असेल. आपण पाच मिनिटांच्या कामाला जातो आणि घरच्या सगळ्या भानगडी सांगून बाहेर पडतो. उचगावच्या वाटेवर आमच्या छोट्या बँकेची एक शाखा आहे, तिथं त्या मॅनेजर होत्या आणि मी कर्जाची वसुली बघायचो. त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. “ओ वसुली, इकडं या!” असं भर गर्दीत ओरडायच्या. काउंटरपाशी उभे असलेले थकबाकीदार दचकून मागच्या मागं सटकायचे.

सुरुवातीला मला त्यांचा फार वैताग यायचा. रांग दारापर्यंत गेलेली आणि बाई आत कुणाला तरी विचारतायत, “जावई सुधारला काय हो जरा?” गाद्या भरायचं दुकान असलेले एक चाचा होते. समोरच्या मोठ्या बँकेनं ठेवीला अर्धा टक्का जास्त व्याज लावलं, तेव्हा ते पावती घेऊन आले.

“पैसं कशाला लागणार हायत, चाचा?”

“लागणार न्हाईत. तिकडं अर्धा टक्का जास्त हाय.”

“हाय की. मी खोटं कशाला बोलू? डोळ्याचं ऑपरेशन कसं झालं ते सांगा.”

मग डोळा, मग डोळ्याचा डॉक्टर, मग धाकट्या लेकीचं सासर. तासाभरानं मॅडमचा हात उठला, तशी चाचांनी स्वतःच पावती ओढून घेतली आणि खिशात घातली. “ऱ्हाऊ दे, मॅडम. तिकडं गेलं की सगळं पहिल्यापासनं सांगाय लागणार.”

चाचा गेल्यावर मी म्हणालो, “मॅडम, अर्धा टक्का आपणही वाढवला असता तर तुमचा तास वाचला असता.”

त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की समजायचं, आता शाळा सुरू. “वसुली, ठेवीला जास्त दिलं की कर्जाला जास्त लावाय लागतं. कर्ज महाग झालं की चांगला माणूस दुसरीकडं जातो. आणि ज्याला कोण दारात उभं करत न्हाय, तो आपल्याकडं येतो. मग तुम्ही हायसाच, फिरा त्याच्या मागं उन्हातनं.” उन्हातनं मीच फिरायचो ना!

मॅडम एकट्या राहायच्या. लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर संध्याकाळी घरी जायची गडबड असायची. आई गेली आणि ती गडबडही गेली. भाऊ पेठ वडगावला, त्याचा संसार त्याला पुरून उरलेला. सलग सुट्ट्या आल्या की आम्ही सगळे कोकणात जायचे बेत करायचो आणि मॅडम कॅलेंडरकडं बघून म्हणायच्या, “इतक्या सुट्ट्या कशापायी देत्यात, काय कळत न्हाय.” अशाच एका सुट्टीच्या दिवशी मी तिकडून चाललो होतो. बघतो तर मॅडम शाखेच्या बंद दारासमोर उभ्या, शेजारच्या झेरॉक्सवाल्याशी बोलतायत. मला बघून गोऱ्यामोऱ्या झाल्या. “कुलूप नीट लागलंय काय बघाय आलते,” म्हणाल्या. कुलूप बघायला वॉचमन होता.

तर अशात संचालक मंडळाची निवडणूक जवळ आली. आता सहकारी बँकेत बरेचसे ठेवीदार सभासदही असतात आणि सभासद तोच मतदार, हे काय तुम्हाला सांगायला पाहिजे? चेअरमनांनी वर्धापनदिनाची खास ठेव योजना काढली. चौकाचौकात फ्लेक्स लागले, सगळे संचालक हात जोडून उभे. व्याज सगळ्या गावापेक्षा जास्त. प्रत्येक पावतीवर एक स्टीलचा डबा फुकट. आणि सगळ्यावर कडी म्हणजे, जुनी ठेव मुदतीआधी मोडून या योजनेत टाकली तर दंड माफ.

मॅडम बैठकीत उभ्या राहिल्या. “साहेब, नवा पैसा येणार न्हाय. आपल्याच या खिशातला त्या खिशात जाईल आणि जाताना भाडं मागंल. दंड तेवढा माफ करू नका.”

चेअरमन हसले. “मॅडम, लग्नघर हाय. चार पैसं जास्त जायचंच. तुम्ही लई इचार करता.”

“कुणीतरी केला पाहिजे की!”

झालं ते मॅडमनी सांगितलं तसंच. आमच्याच शाखेतले आमचेच ठेवीदार आमच्याच जुन्या पावत्या मोडायला रांगेत उभे. एका मास्तर नवरा-बायकोनं तर एका पावतीच्या इतक्या पावत्या केल्या की डबे न्यायला रिक्षा बोलवावी लागली. लोक खूश, चेअरमन खूश, निवडणूक बिनविरोध. आणि मॅडम? येईल त्याला सरळ सांगायच्या, “नव्या योजनेत तुम्हाला जास्त मिळंल. तुमच्या फायद्याचं हाय, मी अडवणार न्हाय.” त्या दिवसांत मी त्यांचा हात एकाही पावतीवर बसलेला पाहिला नाही.

मग व्याज द्यायची वेळ आली. जुने ठेवीदार आमच्याकडंच जास्त, म्हणून मोडून नव्या योजनेत गेलेल्या पावत्याही आमच्याच जास्त. हेड ऑफिसातून निरोप आला की सगळ्यात महाग ठेवी तुमच्या शाखेच्या आहेत; वर्षभरात खर्च खाली आला नाही तर शाखा बंद करून खाती दुसरीकडं वळवू. बघा, योजना त्यांची, डबे त्यांचे आणि गळा आमचा! आम्हा लोकांची जयसिंगपूरला बदली होणार, मॅडमना हेड ऑफिसात घेणार, असं ठरल्यागतच होतं.

मी म्हणालो, “तुमचं बरं आहे, मॅडम. हेड ऑफिसात गर्दी नाही, कटकट नाही.”

त्या माझ्यावर इतक्या चिडल्या की मी दोन पावलं मागं सरलो. “तुम्ही जयसिंगपूरला जाल, संध्याकाळी पोराबाळांत परत याल. मला तिथं फायलींच्या खोलीत बसवणार. दिवसभर पंख्याशी बोलू काय? घरी भिंती, हापिसात भिंती!” मग आवाज खाली आला. “मला माणसं लागतात हो, वसुली. ही शाखा गेली तर मी कुणासाठी उठायचं सकाळी?”

इतकी वर्षं त्यांच्यासोबत काम केलं, पण इतकं उघडं बोलणं तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला घेऊन उचगावच्या दूध संस्थेत गेल्या. तिथं दूध घालणाऱ्या बायकांचं दर दहा दिवसांनी बिल निघतं आणि ते रोख वाटायचे. मॅडमचं म्हणणं असं, की बिल आमच्या शाखेत बचत खात्यावर जमा करा. बायका लागेल तसा पैसा काढतील, आणि राहील तो स्वस्तातला पैसा शाखेच्या कामाला येईल. बचतीला व्याज थोडंच द्यावं लागतं. महाग ठेवींवर उतारा हाच, असं त्या म्हणायच्या.

संस्थेचे सेक्रेटरी मान हलवायला तयार नव्हते. “आमच्या बायका बँकेत यायला बिचकत्यात, मॅडम. रोख बरी.”

“बँकेला बिचकत्यात काय तुमच्या साहेबी आवाजाला? द्या एक स्टूल.”

आणि बाई बसल्या की तिथं, दुधाच्या कॅनांमध्ये! रोज सकाळी, बँक उघडायच्या आधी. कपड्यांना दुधाचा वास, चपलेला शेण, पण तोंडावर असा उजेड मी शाखेतसुद्धा पाहिला नव्हता. म्हशीचं आजारपण, सुनेचं बाळंतपण, सगळं ऐकून घ्यायच्या. एक आजीबाई म्हणाल्या, “पैसं काढताना कटकट करणार न्हाईसा न्हवं?”

“पैसा तुमचा, आजी. मी कोण कटकट करणार?”

“बँकवाले गोडच बोलतात सुरवातीला.”

“मग रोज येऊन बघा की, शेवटी कसं बोलतोय!”

हळूहळू खाती उघडली. योजनेतल्या ठेवींची मुदत भरली तेव्हा मॅडमनी प्रत्येकाला तोंडावर सांगितलं की आता तेवढं व्याज मिळणार नाही. मास्तर नवरा-बायको पैसे घेऊन गेले ते परत फिरकले नाहीत. चाचा म्हणाले, “मिळू दे किती बी.” बरेचसे असेच राहिले. वर्षाच्या शेवटी शाखेचा खर्च खाली आला आणि हेड ऑफिसनं बंद करायचा विषय सोडून दिला. चेअरमन पेढे घेऊन आले आणि अर्धा तास स्वतःच्याच दूरदृष्टीवर बोलले. मॅडम मान डोलवत ऐकत होत्या. बिलाच्या दिवशी शाखेत जत्रा भरायची, आणि त्या दिवशी मॅडम ठेवणीतली साडी नेसून यायच्या. आम्ही चिडवायचो, पण त्यांना बघून बरं वाटायचं.

शाखा वाचली, आणि पुढच्याच वर्षी मॅडम निवृत्त झाल्या.

हे आम्हा कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. त्यांच्या तरी आलं होतं की नाही, देव जाणे. निरोपाला शाल, नारळ, भाषणं. दूध संस्थेच्या बायका पाय धरायला आल्या तर मॅडमच त्यांच्या गळ्यात पडल्या. नवा मॅनेजर आला. पोरगा चांगला, हुशार, कामाला झटपट. दर विचारला की दर सांगतो, आणि माणूस मोकळा. शाखेचं बरं चाललंय, खोटं कशाला बोला. पण कधी कधी एखादी बाई काम उरकूनही आत घुटमळते, मॅडमच्या खुर्चीकडं बघते आणि निघून जाते.

मी दोन-तीनदा त्यांना फोन केला. “मजेत हाय,” म्हणायच्या आणि माझ्या घरच्या एकेकाची चौकशी करत राहायच्या. फोन ठेवायची वेळ माझ्यावरच यायची.

परवा मुलीच्या शिक्षणाच्या कर्जाचं विचारायला मी शहरातल्या एका मोठ्या बँकेत गेलो. (आमच्या बँकेत एवढं कर्ज मिळत नाही, हसू नका.) टोकन घेतलं आणि जागा शोधायला वळलो, तर खुर्च्यांच्या रांगेत मॅडम. शेजारच्या बाईंशी बोलत होत्या. हातात टोकन होतं. केस बरेच पांढरे झाले होते.

“मॅडम! इथं कुठं? खातं काढलंत काय?”

“छे हो.” त्यांनी माझ्यासाठी पिशवी उचलून जागा केली. “असंच आलते.”

“असंच? मग आपल्या शाखेत यायचं की! घरचीच आहे.”

“तिथं कशी येऊ? मी जाऊन बसले की बायका त्या पोराला सोडून माझ्याभोवती गोळा होणार. त्याचं अवघड व्हायचं. नव्या माणसाला नीट बसू दिलं पाहिजे.” मग म्हणाल्या, “हितं मला कोण ओळखत न्हाय. टोकन घेतलं की बसू देतात. ऊठ म्हणत न्हाईत.”

मी समोरच्या फलकाकडंच बघत राहिलो. तेवढ्यात त्यांच्या टोकनाचा नंबर फलकावर आला. काउंटरवरच्या मुलानं पुकारला, मग परत पुकारला. शेजारची बाई म्हणाली, “अहो, तुमचाच न्हवं?”

मॅडमनी टोकन मुठीत दाबलं आणि इकडंतिकडं बघितलं, जणू दुसऱ्याच कुणाला पुकारतायत. फलकावर पुढचा नंबर आला.

“मॅडम, नंबर गेला तुमचा,” मी हळूच म्हणालो.

“जाऊ दे,” त्या म्हणाल्या. “दुसरं काढते. मशिन काय विचारत न्हाय.”

आणि त्या उठल्या, दारापाशी गेल्या, मशिनचं बटण दाबून नवं टोकन घेतलं आणि पलीकडच्या रांगेत, एकट्या बसलेल्या एका म्हातारबाबांच्या शेजारी जाऊन बसल्या.