नेहमी, कधीकधी, कधीच नाही

जिनिंगमध्ये कापूस चढवायचं काम मी बरीच वर्षं केलं. घरी निघताना अंगाला तूस चिकटलेलं असायचं. झटकलं की या बाहीवरचं त्या बाहीवर. किस्स्यांचंही तसंच असतं. मी काही ते गोळा करायला गेलो नव्हतो. मंगळवारी आणि शुक्रवारी नातीला घेऊन धुळ्याच्या सेंटरला जायचं, व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसायचं आणि परत यायचं, एवढंच माझं काम. पण दीड वर्षात इतके किस्से चिकटले, की आधी कोणता सांगू ते कळत नाही. तसं मला बरंच काही कळत नाही, ते आधीच सांगून टाकतो.

नात म्हणजे ओवी. सहा वर्षांची. बोलत नाही असं नाही. मनात आलं तर टीव्हीवरची अख्खी जाहिरात म्हणून दाखवते. पण तहान लागली तर पाणी मागत नाही. आपण काही बोललो तर कधी कधी आपलाच शेवटचा शब्द आपल्याला परत देते. मुलगा आणि सून दोघं नरडाण्याच्या एमआयडीसीत कामाला, म्हणून ने-आण करायची ड्युटी माझी.

सेंटर ऑटिझमच्या मुलांचं. आमची ही सगळी धावपळ कशासाठी, तर जूनमध्ये पोरगी गावच्या शाळेत बसावी यासाठी. सेंटरमध्ये तिला शिकवणाऱ्या ताई म्हणतात, "आबा, शाळा नाही म्हणूच शकत नाही. कायदा आहे." गावातले गुरुजी म्हणतात, "मी कुठे नाही म्हणतो? पण शाळेमागून रेल्वे जाते. पोरगी उठून चालायला लागली, तर तिला धरायला कायदा येईल का?"

मला दोघांचंही पटतं. हीच तर पंचाईत!

*

डॉक्टरांनी तो शब्द पहिल्यांदा सांगितला, तेव्हा मी बसमध्ये पाठ करत आलो. ऑटिझम, ऑटिझम. पण रस्ता असा, की अर्धा शब्द खड्ड्यात पडला. गावात उतरलो तर स्टॉपवर शेजारचे नाना. "आबा, काय सांगं डॉक्टरनी?"

मी म्हटलं, "ओवीला ऑटोचं काहीतरी निघालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यासमोर ही गर्दी! कोणी बिस्किटं आणली, कोणी केळी. नाना सगळ्यांच्या पुढे.

"आबा, रिक्षा कोठे उलटनी?"

"कसली रिक्षा?"

"पोरले कोठे लागनं ते तरी दखू द्या!"

ओवी अंगणात बिस्किटांच्या पुड्यांची रांग लावत बसली होती. लाल इकडे, पिवळे तिकडे. नानांनी तिचे हात बघितले, पाय बघितले आणि सुस्कारा टाकला. "देवनी कृपा शे! साधं खरचटनंबी नही!"

मग मी त्यांना खाली बसवलं आणि सावकाश सांगितलं, की नाना, हा अपघात नाही, हे जन्मापासूनचं आहे. नानांनी बराच वेळ विचार केला. मग आवाज बारीक करून मला विचारलं,

"मग तवय रिक्षामा कोन व्हतं?"

*

बसमधली ओवीची सीट ठरलेली. ड्रायव्हरच्या मागची दुसरी, खिडकीकडची. तिथं दुसरं कोणी बसलेलं असलं, तर ती कानांवर हात ठेवून ओरडते. एकदा एक पाहुणा पिशव्या घेऊन तिथं बसला होता. ओवीनं सूर लावला. मी हात जोडले, पण पाहुणा हलेना. शेवटी कंडक्टर आला.

"पाहुणा, उठा. हाई सीट राखीव शे."

"कुठे लिहिलंय? आमदार-खासदारांची राखीव असते, ती तर पुढे आहे."

कंडक्टर म्हणाला, "त्या पाच वरीसमा एकदाव येतस. हाई पोर मंगळवारे-शुक्रवारे येस म्हणजे येसच! उठा!"

*

पुण्याहून एक मॅडम सेंटरला येतात. अशा मुलांचा अभ्यास करतात. घरातली माणसं मुलांशी कशी वागतात, कशानं मुलांना सोपं जातं, हे बघतात. वयानं माझ्या सुनेपेक्षा लहान, पण हातात फॉर्म मात्र लांबलचक. त्या एकेक प्रश्न वाचायच्या आणि उत्तर तीनपैकी एक द्यायचं. नेहमी, कधीकधी, कधीच नाही.

"मूल एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करतं का?"

"कधीकधी."

"मूल आवाजाला घाबरतं का?"

"कधीकधी."

दोन पानं झाल्यावर मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आबा, सगळीकडे कधीकधी कसं चालेल?"

मी म्हटलं, "मॅडम, नेहमी म्हणायला मी नेहमी तिच्याजवळ नसतो. आणि कधीच नाही म्हणायची माझी हिंमत होत नाही."

मॅडमनी पेन पुन्हा उचललं. मग त्यांनी पुढचा प्रश्न वाचला. "बोलताना मूल मोठ्यांच्या डोळ्यांत बघतं का?"

बाकड्यावर माझ्या शेजारी पिंपळनेरच्या अक्का होत्या. त्या नातवाला घेऊन येतात. हा प्रश्न ऐकून त्या एकदम पुढे सरकल्या.

"हाई तपासनं शे का? मन्हा सासरा मरी गया तोपावत मी त्याना डोळास्मा दखं नही. मन्हाबी फॉर्म भरी ल्या!"

*

त्याच मॅडम एकदा ओवीची तपासणी करत होत्या. मला आत कोपऱ्यात बसू दिलं होतं. मॅडम साबणाचे फुगे सोडत होत्या आणि म्हणत होत्या, "ओवी, बघ! इकडे बघ!" ओवी आपली खिडकीच्या कडीत गुंतलेली. मॅडमनी कागदावर काहीतरी खूण केली. या खुणांचाच रिपोर्ट होणार आणि तोच गुरुजींच्या हातात जाणार.

मी भीत भीत म्हटलं, "मॅडम, दख म्हणून बघता का?"

"काय म्हणू?"

"दख. आमच्या घरात कोणी बघत नाही. आम्ही सगळे दखतो."

मॅडमनी पुन्हा फुगा सोडला. "ओवी, दख!"

ओवीनं मान वळवली. फुगा नाही बघितला, मॅडमच्या कानातलं बघितलं. पण बघितलं! मॅडमनी आधीची खूण खोडली आणि माझ्याकडून आमच्या बोलीतले दहा-बारा शब्द उतरवून घेतले.

पुढच्या महिन्यात आल्या त्या हसतच. "आबा, आमच्या सरांनी रिपोर्ट परत पाठवला. प्रत्येक 'दख'खाली लाल रेघ. शुद्धलेखन तपासा म्हणाले."

मी घाबरलो. "मग हो?"

"मग काय! मी कळवलं, सर, एकदा धुळ्याला या आणि स्वतः दखा!"

*

ताईंनी ओवीला चित्रांची कार्डं करून दिली. तहान लागली तर पेल्याचं कार्ड आणून द्यायचं, भूक लागली तर ताटाचं. तोंडानं मागण्यापेक्षा हे तिला सोपं पडतं. आठवड्यात पेला आणि ताट पक्कं झालं. एक कार्ड संडासाचंही होतं.

एके दिवशी ओवीनं ते कार्ड माझ्या घरवालीच्या हातात दिलं. घरवालीला आनंद! पोरगी आता सांगायला लागली म्हणून तिला उचलून संडासात नेलं, तर ओवीनं घर डोक्यावर घेतलं. बाहेर आणली, तर पुन्हा तेच कार्ड. पुन्हा आत, पुन्हा रडारड. असं चार दिवस. घरवाली म्हणाली, "पोटमा काहीतरी अडकेल शे," आणि ओवा चारला.

पाचव्या दिवशी मी ओट्यावरच्या खुर्चीतून उठलो. ओवी आली, तिनं कार्ड खुर्चीवर ठेवलं, त्याच्याशेजारी चढून बसली आणि पाय हलवायला लागली. एकदम खूश!

मी चष्मा लावून कार्ड नीट बघितलं. पांढरीशुभ्र, चकचकीत खुर्ची. आमच्या गावातले संडास सगळे खाली बसायचे. असली वस्तू ओवीनं तरी कुठे बघितलेली असणार?

शुक्रवारी ते कार्ड ताईंना दाखवलं. ताई म्हणाल्या, "अहो आबा, हे कमोड आहे!"

मी म्हटलं, "असेल. पण पाठ टेकायचीसुद्धा सोय दिसते हो!"

*

लग्नसराईत डीजे वाजला की ओवीचे फार हाल होतात. मग ताईंनी तिला कानांवर लावायचे जाड हेडफोन मिळवून दिले. त्यांत काही वाजत नाही, उलट बाहेरचा आवाज कमी होतो. हे मला समजायला दोन दिवस लागले. नानांना अजून समजलेलं नाही.

एका दुपारी ओवी झोपली होती आणि हेडफोन ओट्यावर पडले होते. नानांनी ते डोक्यावर चढवले आणि डोळे मिटले. तेवढ्यात त्यांची बायको त्यांना शोधत आली. विहिरीची मोटर, भावाकडचं लग्न, न आणलेली हळद, सगळं एका दमात सुनावलं. नाना हूं नाही की चूं नाही. चेहरा अगदी शांत.

वहिनींचा राग हळूहळू ओसरला. त्या माझ्याकडे वळल्या. डोळ्यांत पाणी.

"आबा, आख्खा संसारमा पयलांदाव यास्नी मन्हं बठ्ठं बोलणं ऐकी लिधं! हाई मशीन कोठे भेटस?"

*

आता शाळेचं सांगतो.

जून लागला. मी रिपोर्ट घेऊन गेलो. गुरुजी भडगावकडचे, माणूस भला, पण धास्तावलेला. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि म्हणाले, "आबा, आठवडाभर बसवून बघू. तुम्ही दारात बसा, म्हणजे रेल्वेची काळजी नको. ती वर्गात टिकली तर शनिवारी नाव पक्कं करतो. नाही टिकली तर मग सेंटरच्या ताईंना बोलावून काय ते बोलू." हजेरीच्या वहीत सगळ्यांत खाली त्यांनी ओवीचं नाव पेन्सिलनं लिहिलं.

माझ्या लहानपणी मला कोणी शाळेत घातलं नाही. गुरं होती, मग कापूस होता. त्या आठवड्यापुरती सेंटरला सुट्टी घेतली आणि सोमवारी मी पहिल्यांदाच शाळेच्या उंबऱ्यावर बसलो. ओवी त्या दिवशी दोनदा उठून कुंपणापर्यंत गेली. मी मागे मागे. मंगळवारी एकदा. बुधवारी, गुरुवारी बसली. शुक्रवारी बसली, पण पाठ फळ्याकडे. हे टिकणं धरायचं की नाही, ते मला कळेना. गुरुजींना विचारायचा धीर होईना.

शनिवारी सकाळी गुरुजींनी हजेरी सुरू केली.

"चेतन."

"हजर," ओवी म्हणाली.

चेतन उठून उभा राहिला. "गुरुजी, हजर तर मी शे!"

"पायल."

"हजर," पुन्हा ओवी.

पोरं खिदळायला लागली. गुरुजी हसले नाहीत. नावं घेत राहिले. ओवी जमिनीकडे बघत होती आणि प्रत्येक नावाला, ज्याच्या त्याच्या आधी, हजर म्हणत होती.

"रोहित."

ओवी गप्प.

गुरुजींनी मान वर केली. रोहितची जागा रिकामी होती. चेतन म्हणाला, "तो मामाना गावले गया." गुरुजींनी माझ्याकडे बघितलं, मी गुरुजींकडे. गुरुजींनी पुढची नावं जरा सावकाश घेतली. प्रत्येकाला हजर. मग सगळ्यांत खालचं नाव आलं.

"ओवी."

गप्प.

"ओवी!"

गप्प. फरशीवर बोट फिरवत होती.

"आबा," गुरुजी म्हणाले, "हिच्या मतानं ही आज आलेलीच नाही! काय लावू?"

पोरं मोठ्यानं हसली. आज शनिवार. आज गैरहजर लागली, की पेन्सिल पुसायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, "गुरुजी, मला काय विचारता? वही तुमची."

गुरुजींनी तिसऱ्यांदा नाव घेतलं. या वेळी अगदी हळू, जवळ बसून बोलावं तसं. "ओवी."

ओवीनं मान फिरवली. फळ्याकडे नाही, गुरुजींकडे नाही, दाराकडे.

"आबा हजर," ती म्हणाली.

गुरुजींनी वही जवळ ओढली. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि ओवीचं पेन्सिलीतलं नाव पेनानं गिरवलं. पुढे खूण केली. मग पेन्सिल उचलली आणि मला विचारलं, "आबा, पूर्ण नाव सांगा."

"कोणाचं?"

"तुमचं."

मी सांगितलं. त्यांनी ओवीच्या खाली ते लिहिलं आणि त्यापुढेही खूण केली.

चेतन टाचा उंचावून वहीत डोकावत होता. "गुरुजी, आबा इतला म्हातारा, आणि पहिलीमा?"

"गप बस," गुरुजी म्हणाले. "दोन नवीन ॲडमिशन आहेत."