मुरमाची वाट
सोयाबीनचं भुसकट भिजून कुजलं की आंबूस वास सुटतो, आणि मला लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवतं. आठवडाभर झड लागली होती आणि कोंबड्यांच्या खुराड्यापुढं, जाळीच्या आत, घोटाभर राडा झाला होता. मी शहाणपणा करून त्यावर पोतंभर भुसकट पसरलं. दोन दिवस बरं दिसलं, तिसऱ्या दिवशी त्याचा लगदा झाला आणि सासूबाईंची लाडकी तांबडी कोंबडी पिसं फुगवून मान टाकून बसली. सासूबाई घसरून पडल्यापासून काठीवर चालायच्या. त्यांच्यासाठीच, दारापासून न्हाणीपर्यंत टाकायला, मुरूम आणून ठेवला होता. आता बोलणी खावी लागणार, असं मला वाटलं. त्यांनी जाळीला धरून वाकून पाहिलं. "आगं, चिखलावर भुसकट टाकलं की दुप्पट चिखल व्हतो. समदं खरवडून काढ, पाण्याला चर काढून दे, अन् तो मुरूम घाल इथं." "अन् तुमची वाट, आत्याबाई?" "मला काठी हाय. त्यांला हाय का?" चार दिवसांत तांबडी मुरूम उकरायला लागली. सासूबाईंची काठी मात्र चिखलात रुतायची, म्हणून तो पावसाळाभर त्या माझा खांदा धरून न्हाणीपर्यंत गेल्या. आता तिथं फरशी आहे, त्या नाहीत. तरी झड लागली की त्या वाटेवर मी अजून सावकाश चालते, डाव्या अंगाला एका माणसाची जागा सोडून.